टेक्नेशियम जनरेटर: डब्यावरचा आकडा आणि स्क्रीनवरचं पोट

न्यूक्लिअर मेडिसिन विभागासाठी खरेदी निघाली की सगळी चर्चा कॅमेऱ्याभोवती फिरते. डिटेक्टर कोणता, सीटी किती स्लाइसची, सॉफ्टवेअर कुठलं. हॉट लॅबच्या (किरणोत्सर्गी औषधं तयार करायच्या खोलीच्या) कोपऱ्यात बसणाऱ्या जनरेटरचा नंबर अगदी शेवटी लागतो. तेव्हाही दोनच गोष्टी विचारल्या जातात: ॲक्टिव्हिटी (किरणोत्सर्गाचं प्रमाण) किती आणि माल कोणत्या वारी येणार. पण बोन स्कॅन, मायोकार्डियल परफ्यूजन, रीनल स्कॅन, थायरॉइड, लंग परफ्यूजन ही रोजची बहुतेक कामं चालतात टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यावर, आणि ते येतं या डब्यातून. डब्यातून जे नको ते बाहेर पडलं तर कॅमेरा तेही इमानेइतबारे दाखवतो.

हे परीक्षण आहे फिशन (युरेनियमच्या विखंडनातून मिळणाऱ्या) मॉलिब्डेनमवर चालणाऱ्या, ॲल्युमिना कॉलमच्या, कोरड्या पद्धतीच्या जनरेटरचं. ओल्या कॉलमचा प्रकार आणि बाहेरून तयार डोस मागवायची सोय यांची गाठ फक्त तुलनेपुरती घातली आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. रात्रीअपरात्री इमर्जन्सी स्टडी करणाऱ्या हॉस्पिटलला स्वतःचा जनरेटर हवाच, आणि घ्यायचा तर कोरड्या कॉलमचा. मात्र त्याचा दर्जा माहितीपत्रकातल्या गिगाबेकरेलवरून (ॲक्टिव्हिटी मोजायचं एकक) ठरवू नये. रिपोर्टिंगला बसलेल्या कन्सल्टंटने बोन स्कॅनमधलं पोट, मान आणि लिव्हर बघून तो ठरवावा, आणि जे दिसलं ते हॉट लॅबपर्यंत पोचवावं.

आतली रचना साधी आहे. ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलमवर मॉलिब्डेनम-९९ मॉलिब्डेटच्या रूपात घट्ट धरून ठेवलेलं असतं. त्याचा अर्धायुष्यकाळ ६६ तास. त्यातून तयार होणारं टेक्नेशियम-९९एम पर्टेक्नेटेटच्या रूपात असतं, त्याची ॲल्युमिनावरची पकड ढिली असते, म्हणून ०.९ टक्के सलाईन फिरवलं की ते सुटून येतं आणि मॉलिब्डेनम जागच्या जागी राहतं; यालाच एल्यूशन म्हणतात. टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाळ ६ तास, गॅमा १४० केईव्हीचा (ऊर्जेचं एकक). वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या शेवटी हा जनरेटर उभा केला. कॉलम आणि सलाईनचं ते मूळ तत्त्व आजही तसंच आहे. बदललं आहे ते भोवतालचं शिसं, सुया आणि कॉलम कोरडा करायची पद्धत.

ॲक्टिव्हिटीच्या आकड्याबद्दल पहिली तक्रार नोंदवावी लागते. डब्यावर छापलेला आकडा मॉलिब्डेनमचा आहे की मिळणाऱ्या टेक्नेशियमचा, आणि तो कोणत्या दिवशी किती वाजताचा, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने लिहितो. मॉलिब्डेनमच्या सुमारे ८८ टक्केच क्षयातून ९९एम मिळतं, त्यामुळे दोन आकड्यांत फरक पडणारच. त्यात कॅलिब्रेशनची वेळ दुसऱ्या देशाच्या घड्याळातली असेल तर गोंधळाला आमंत्रणच. दोन कंपन्यांची कोटेशनं समोर ठेवताना दोन्ही आकडे एकाच तारखेला, एकाच वेळेला आणि टेक्नेशियममध्ये आणून मगच तुलना करावी. स्वस्त वाटलेला डबा बऱ्याचदा दोन दिवस आधीच्या तारखेने मोजलेला निघतो.

एका एल्यूशननंतर टेक्नेशियम पुन्हा साठत जातं आणि साधारण २३ तासांनी शिगेला पोचतं. त्या शिगेच्या तुलनेत ३ तासांनी एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त, ६ तासांनी ६० टक्क्यांच्या आसपास आणि १२ तासांनी ८८ टक्के मिळतं. म्हणजे सकाळी ८ ला काढलं आणि दुपारी २ ला पुन्हा काढलं तर दुसरी खेप बऱ्यापैकी भरते. एवढा एक गुण हा डबा बाळगायला पुरेसा आहे. तयार डोसच्या बाबतीत इमर्जन्सी आली की फोन करून वाट बघण्यावाचून पर्याय नसतो.

आता साइझ. रोज मॉलिब्डेनम सुमारे २२ टक्क्यांनी घटतं. सोमवारी सकाळी २० गिगाबेकरेल टेक्नेशियम देणारा डबा मंगळवारी १५.५, बुधवारी १२.१, गुरुवारी ९.४ आणि शुक्रवारी ७.३ देईल, तोही एल्यूशन पूर्ण झालं तर. ९० टक्के उतारा (प्रत्यक्ष हाती येणारा भाग) धरला की शुक्रवारी सकाळी हातात ६.६ राहतात आणि दुपारी १२ पर्यंत त्यातले जेमतेम ४.१. बोन स्कॅनला ७०० मेगाबेकरेल धरले तर हा पाच पेशंटचा माल झाला, सिरिंजमध्ये उरलेलं आणि किटमध्ये (टेक्नेशियम घालून औषध बनवायच्या तयार व्हायलमध्ये) राहिलेलं वेगळंच. ऑर्डर देताना सोमवारचा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही, हिशोब शुक्रवार दुपारवरून मागे करत यावा. काम जास्त असेल तर एक मोठा डबा घेण्यापेक्षा सोमवारी एक आणि गुरुवारी एक लहान अशी जोडी बरी पडते. सोमवारचं ओझं कमी होतं, हाताला लागणारा डोस कमी होतो आणि एक डबा रुसला तरी दुसरा हाताशी असतो.

एल्यूशनची कृती तीन मिनिटांची आहे, पण बहुतेक बिघाड याच तीन मिनिटांत जन्माला येतात. कोरड्या कॉलमच्या डब्याला दोन तोंडं असतात. एका तोंडाला जोडसुई: एकीतून सलाईन कॉलमकडे जातं, दुसरीतून फिल्टरमधून हवा बाटलीत शिरते. दुसऱ्या तोंडाला एकच सुई, तिच्यावर शिल्डमध्ये बसवलेली व्हॅक्यूम व्हायल. आधी सलाईन, मग व्हॅक्यूम, हा क्रम उलटला की गडबड. व्हॅक्यूम व्हायल आधी लावली तर ती कॉलममधून हवाच ओढत बसते. सलाईन लावेपर्यंत ओढ कमी झालेली असते, द्रावण अर्धवट येतं आणि कॉलम ओला राहतो. रबरावर स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर ते पूर्ण वाळू द्यावं. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की पुढे लेबलिंग (टेक्नेशियम औषधाला जोडणं) बिघडायला ते एक कारण होतं. व्हायल सुईवर सरळ दाबायची, तिरकी नाही. सुई वाकली की तो डबा आठवडाभर डोकेदुखी.

सलाईन संपून व्हायलमध्ये बुडबुडे येऊ लागले की काम झालं असं वाटतं आणि नवशिक्या टेक्नॉलॉजिस्टचा हात लगेच व्हायलकडे जातो. तिथेच थांबायला हवं. उरलेला व्हॅक्यूम आता कॉलममधून हवा ओढतो आणि तो कोरडा करतो. कोरड्या कॉलमच्या डब्यासाठी जास्तीचे पैसे मोजले जातात ते या शेवटच्या मिनिटासाठी. कॉलममध्ये पाणी राहिलं तर एवढ्या तीव्र किरणोत्सर्गात त्याचं विघटन होतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घटक तयार होतात, टेक्नेशियमचं रासायनिक रूप बदलतं आणि दुसऱ्या दिवशी उतारा घसरतो. आज घाई केली तर शिक्षा उद्या मिळते, म्हणून कारण कोणाच्या लक्षात येत नाही. उत्पादकाने पत्रकात दिलेली पूर्ण वेळ टायमर लावून पाळावी. मग व्हायल काढून सुईवर निर्जंतुक टोपी किंवा सोबत आलेली संरक्षक व्हायल बसवावी. सलाईनची रिकामी बाटली पुढच्या एल्यूशनपर्यंत तशीच राहू द्यावी, ती जोडसुईचं झाकण असते.

उतारा कमी आला की सगळे आधी डब्याला शिव्या घालतात. त्याआधी आकारमान बघा. व्हायलमध्ये ५ मिलिलिटर यायला हवं होतं आणि २ आलं, तर दोष व्हॅक्यूमचा किंवा सुईचा: जुनी व्हायल, आधीच टोचली गेलेली व्हायल, रबर पूर्ण न भेदलेली सुई, किंवा हवेचा मार्ग बंद झालेली सलाईनची बाटली. द्रावण पूर्ण आलं आणि ॲक्टिव्हिटी कमी, तर पहिला प्रश्न असा: रात्री कोणी एल्यूट केलं होतं का? पहाटे २ ला लंग स्कॅनसाठी काढलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, तर सकाळी ८ ला अपेक्षेच्या ६० टक्केच हाती लागणार. डब्याचा काहीच दोष नाही. रजिस्टर स्वच्छ असेल तर डोस कॅलिब्रेटर (ॲक्टिव्हिटी मोजायचं यंत्र) टेक्नेशियमवरच ठेवला आहे ना आणि सकाळची सीझियम-१३७ची तपासणी बरोबर आली होती ना, हे पाहावं. तेही ठीक असेल तर १५ मिनिटांनी पुन्हा एक एल्यूशन घ्यावं. पहिलं एल्यूशन पूर्ण झालेलं असेल तर एवढ्या वेळात शिगेच्या ३-४ टक्केच तयार झालेलं असतं. त्याहून बरंच जास्त आलं, तर पहिल्या खेपेला माल कॉलममध्येच अडकला होता. ही एक चाचणी करून मगच कंपनीला फोन लावावा. मग समोरचा माणूस पाठ केलेले प्रश्न विचारत बसत नाही.

सोबत मिळणाऱ्या व्हॅक्यूम व्हायल ५, १०, १५ अशा मापांत मागवाव्यात. टेक्नेशियमचा मोठा भाग पहिल्या काही मिलिलिटरमध्येच उतरतो, त्यामुळे कमी आकारमानात जास्त ॲक्टिव्हिटी लागणारं किट असेल तर लहान व्हायल कामाला येते. काही पुरवठादार सगळ्या व्हायल एकाच मापाच्या पाठवतात आणि वर मोजूनमापून. एखादी फुकट गेली की शुक्रवारी उधारी मागायची पाळी येते. ऑर्डरमध्ये जास्तीच्या व्हायल लिहूनच घ्याव्यात.

आता गुणवत्तेच्या तपासण्या. यात मॉली ब्रेकथ्रूला पहिला मान. कॉलमवरून मॉलिब्डेनम सुटून द्रावणात उतरलं तर पेशंटच्या लिव्हरला नाहक डोस बसतो आणि त्याच्या ७४० केईव्हीच्या गॅमासमोर आपला कॉलिमेटर (कॅमेऱ्यासमोरची शिशाची जाळी) अपुरा पडतो. तपासणीची पद्धत अशी: व्हायल सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या नळकांड्यात ठेवून कॅलिब्रेटरमध्ये मॉलिब्डेनमच्या सेटिंगवर मोजायची. १४० केईव्हीचा गॅमा शिशात जवळपास सगळा जिरतो, मॉलिब्डेनमचा बराचसा पार होतो. आधी रिकामं नळकांडं मोजून ते वजा करावं, नळकांड्याचा करेक्शन फॅक्टर लावावा, मग टेक्नेशियमच्या आकड्याने भागावं. २० गिगाबेकरेलच्या द्रावणात १ मेगाबेकरेल मॉलिब्डेनम आढळलं तर गुणोत्तर ०.०५ किलोबेकरेल प्रति मेगाबेकरेल. अमेरिकेतली मर्यादा ०.१५. युरोपियन फार्माकोपिया ०.१ टक्का, म्हणजे १ किलोबेकरेलपर्यंत चालवून घेते.

बरेच जण चुकतात ते यापुढे. ही मर्यादा इंजेक्शनच्या क्षणाची आहे, एल्यूशनच्या क्षणाची नाही. टेक्नेशियम झपाट्याने घटतं, मॉलिब्डेनम हळू, त्यामुळे गुणोत्तर दर साडेसहा तासांनी साधारण दुप्पट होतं. सकाळी ८ ला ०.०५ असलेलं द्रावण संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ०.१५ ची रेघ ओलांडतं. सकाळी ०.१ असेल तर दुपारी १२ च्या आत. म्हणून निकालाच्या शेजारी नुसतं ‘पास’ न लिहिता किती वाजेपर्यंत पास हे लिहावं, म्हणजे दुपारच्या खेपेच्या डॉक्टरला विचारत बसावं लागत नाही. चांगला डबा या मर्यादेच्या फार खाली राहतो. आकडा दिवसागणिक चढू लागला, अजून मर्यादेत असला तरी, कॉलमला काहीतरी झालं आहे असं समजावं. वाहतुकीत आदळलेला डबा हे नेहमीचं कारण. ही तपासणी फक्त पहिल्या एल्यूशनला करून भागत नाही, प्रत्येक एल्यूशनला करावी.

ॲल्युमिनियमची तपासणी रंगपट्टीने होते. द्रावणाचा एक थेंब आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या प्रमाण द्रावणाचा एक थेंब शेजारी-शेजारी टाकायचे; आपला थेंब जास्त गडद असेल तर नापास. एका मिनिटाचं काम, आणि तरीही सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. त्याची वसुली कॅमेऱ्यावर होते.

सोमवार सकाळचं पहिलं एल्यूशन हा वेगळाच विषय आहे. टेक्नेशियम-९९एम विझून टेक्नेशियम-९९ होतं. रासायनिक गुण तेच, पण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. किटमध्ये टेक्नेशियमला जोडणीयोग्य रूपात आणणाऱ्या टिनला मात्र दोन्ही सारखेच, तो दोघांवरही खर्च होतो. २४ तासांनी एल्यूट केलं तर द्रावणातल्या एकूण टेक्नेशियम अणूंपैकी सुमारे २८ टक्के कामाचे असतात. ७२ तासांनी केलं तर ८ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे कॅलिब्रेटर पुरेसे गिगाबेकरेल दाखवतो आणि किटला प्रत्यक्षात कित्येक पट गर्दी झेलावी लागते. बोन स्कॅनचं किट बहुधा हे निभावून नेतं, पण रेड सेल लेबलिंग आणि एचएमपीएओ (मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनचं औषध) नाही. एचएमपीएओसाठी द्रावण २ तासांच्या आतलं आणि डबा गेल्या २४ तासांत एल्यूट केलेला हवा, अशी अटच असते. उपाय सरळ आहे. सोमवारी पहाटे एक एल्यूशन काढून बाजूला ठेवावं आणि ४ तासांनी ताजं घ्यावं. शिगेच्या जवळपास ४६ टक्के मिळतं, नाजूक किटना ते पुरून उरतं.

आता मूळ मुद्दा, स्क्रीन. जनरेटरमधला आणि किटमधला दोष चित्रात कसा दिसतो हे माहीत नसेल तर तो पेशंटच्या नावावर रोग म्हणून चढतो.

बोन स्कॅनमध्ये पोट दिसलं तर ताबडतोब मान बघावी. पोट, थायरॉइड आणि लाळग्रंथी तिन्ही उजळल्या असतील तर ते मोकळं, म्हणजे औषधाला न जोडलेलं, पर्टेक्नेटेट. पोट आहे, सोबत फुप्फुसं आणि किडन्याही भरल्या आहेत, पण थायरॉइड नाही, तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगावं. ते मेटास्टॅटिक कॅल्सिफिकेशन (मऊ अवयवांत कॅल्शियम साचणं) असू शकतं. मोकळं पर्टेक्नेटेट असेल तर दोष कुणाचा हे ठरवायला त्याच व्हायलमधले बाकीचे पेशंट ओळीने लावावेत. सगळ्यांत पहिल्यापासून दिसतं आहे, तर द्रावण किंवा किटचा टिन. पहिल्या दोघांत नाही आणि दुपारच्या पेशंटमध्ये वाढत गेलं आहे, तर किट हवेने ऑक्सिडाइझ झालं आहे: द्रावण काढताना प्रत्येक वेळी व्हायलमध्ये हवा सोडली गेली. एकाच पेशंटमध्ये असेल तर त्याच्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा किंवा भरून बराच वेळ पडून राहिलेली सिरिंज. प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक वेळा गुन्हेगार किट आणि हात असतो, डबा नाही. किटमध्ये द्रावण घालताना तेवढाच नायट्रोजन बाहेर ओढून घ्यायचा आणि हवा कधीच ढकलायची नाही, एवढं पाळलं तरी पोटं बरीच कमी होतात.

बोन स्कॅनमध्ये लिव्हर पसरून दिसली तर यादी वेगळी. आधी विचारावं, अलीकडेच कोलॉइड (बारीक कणांच्या औषधाची, लिव्हर-प्लीहा दाखवणारी) स्टडी झाली होती का. नसेल तर त्याच व्हायलचे इतर पेशंट. त्यांच्यातही लिव्हर आणि सोबत प्लीहा दिसत असेल तर ॲल्युमिनियममुळे कोलॉइड बनलं असं धरून राखून ठेवलेल्या द्रावणाची रंगपट्टी करावी. बाकी सगळे स्वच्छ असतील तरच मेटास्टेसिस, नेक्रोसिस किंवा ॲमिलॉइडकडे वळावं. सल्फर कोलॉइडच्या स्टडीत फुप्फुसं भरली तर तेच ॲल्युमिनियम गुठळ्या करून गेलेलं असू शकतं. अर्थात लिव्हर खूप खराब असली तरीही फुप्फुसं दिसतात, म्हणून इथेही शेजारचा पेशंट हाच साक्षीदार.

दोन स्टडींत मात्र चूक महागात पडते. एक, रक्तस्रावासाठीची रेड सेल स्टडी. लेबलिंग कच्चं असेल तर मोकळं पर्टेक्नेटेट पोटात स्रवतं, तिथून आतड्यात सरकतं आणि पडद्यावर सरकत जाणारा रक्तस्राव वाटतो. रिपोर्टवर सही करण्यापूर्वी मानेचं एक स्थिर चित्र घ्यायचा नियमच असावा. थायरॉइड दिसली तर आतड्यातल्या ॲक्टिव्हिटीकडे संशयाने बघावं.

दुसरी, ब्रेन डेथची एचएमपीएओ स्टडी. लेबलिंग फसलं तर एजंट मेंदूत शिरतच नाही आणि चित्रात रिकामी कवटी दिसते. नेमकं हेच चित्र ब्रेन डेथमध्ये दिसतं. म्हणून या एका तपासणीत क्रोमॅटोग्राफी (किती टेक्नेशियम औषधाला जोडलं गेलं हे बघायची चाचणी) इंजेक्शनच्या आधी संपलेली हवी, शुद्धता ८० टक्क्यांच्या वर हवी आणि स्टॅबिलायझर नसेल तर तयार केल्यापासून ३० मिनिटांत इंजेक्शन गेलेलं हवं. सोबत फ्लो फेजही (इंजेक्शन जाताक्षणीची चित्रं) घ्यावी. शुद्धतेचा आकडा आणि एल्यूशनची वेळ रिपोर्टमध्ये लिहावी. रात्री ११ ला एकटा टेक्नॉलॉजिस्ट ड्यूटीवर असतो, द्रावण सकाळचं उरलेलं असतं आणि नातेवाईक दारात उभे असतात, नेमकी तेव्हाच ही स्टडी येते. अशा वेळी ताजं एल्यूशन घ्यायला स्वतःचा डबा असणं ही चैन राहत नाही.

ओल्या कॉलमच्या डब्याविषयी थोडक्यात. सलाईनचा साठा आतच असतो, नुसती व्हॅक्यूम व्हायल लावायची, क्रम चुकायचा प्रश्न नाही. माणसं सतत बदलणाऱ्या विभागात हा मोठा फायदा आहे. पण कॉलम कायम ओला, म्हणून ऑक्सिडंट जास्त आणि मोठ्या ॲक्टिव्हिटीला उताऱ्याची खात्री कमी. तयार डोसचं गणित तर आणखी सोपं. हॉट लॅबची झंझट नाही, पण दर तासाला ११ टक्के माल उडतो. गाडीला उशीर झाला किंवा पेशंट वेळेवर आला नाही की कमी ॲक्टिव्हिटीत जास्त वेळ स्कॅन करत बसायचं. दिवसा ठरलेले चार-पाच बोन स्कॅन एवढंच काम असलेल्या केंद्राला हे चालून जाईल.

पुरवठादाराला विचारायचा एक प्रश्न निविदेत सहसा नसतो: मॉलिब्डेनम कोणत्या रिॲक्टरचं? मे २००९ मध्ये कॅनडातला चॉक रिव्हरचा एनआरयू रिॲक्टर गळतीमुळे बंद पडला तो ऑगस्ट २०१० पर्यंत, आणि त्याच काळात २०१० मध्ये नेदरलँड्समधला पेटनचा रिॲक्टरही दुरुस्तीसाठी थांबला. तेव्हा जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले. एनआरयू २०१८ मध्ये कायमचा बंद झाला. पेटन, बेल्जियममधला बीआर-२, दक्षिण आफ्रिकेतला सफारी-१, ऑस्ट्रेलियातला ओपल यांपैकी किमान दोन ठिकाणांहून माल घेणारा पुरवठादार निवडावा. रिॲक्टरची ठरलेली बंदची वेळापत्रकं आधी कळवायची अट करारात घालावी, म्हणजे त्या आठवड्यांत पेशंट त्या हिशोबाने बोलावता येतात.

हाताळणीची तक्रार उरतेच. शिशामुळे डबा आकाराच्या मानाने भलताच जड असतो आणि बऱ्याच मॉडेलची मूठ एका हाताने उचलायच्या हिशोबाने बनवलेली असते. ट्रॉली जनरेटरच्या कट्ट्याच्या उंचीचीच घ्यावी, उचलून ठेवायची वेळच येऊ नये. डबा आल्या आल्या पृष्ठभागाचा आणि एक मीटरवरचा डोस रेट मोजून लेबलवरच्या ट्रान्सपोर्ट इंडेक्सशी ताडून पाहावा, वाइप टेस्ट (पृष्ठभाग पुसून सांडलेला किरणोत्सर्ग तपासणं) घ्यावी, मगच खोका उघडावा. कंपनीच्या शिल्डभोवती विभागाचं स्वतःचं शिसंही लागतंच. नव्या डब्याशेजारून दिवसभर माणसं ये-जा करतात, हे आराखडा करताना विसरलं जातं.

आठवडा संपलेला डबा लगेच रिकामा होत नाही. सात दिवसांनी मूळ मॉलिब्डेनमचा सुमारे १७ टक्के, चौदा दिवसांनी ३ टक्के शिल्लक असतो. दुसऱ्या आठवड्यात तो क्वालिटी कंट्रोलच्या सोर्ससाठी आणि फँटम (कॅमेऱ्याच्या चाचणीसाठीचा नकली अवयव) भरायला वापरावा, पेशंटसाठी एक्सपायरीनंतर नाही. नंतर प्रत्येक डब्यावर आल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून जुने डबे वेगळ्या जागी ठेवावेत. परत पाठवताना पुन्हा सर्व्हे, पुन्हा वाइप, जुनी लेबलं झाकलेली. परत नेण्याची जबाबदारी, मुदत आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा हे पहिल्या ऑर्डरच्या वेळीच लिहून घ्यावं. नाहीतर सहा महिन्यांत स्टोअरमध्ये पंचवीस डबे साठतात आणि ते उचलायला कोणीच येत नाही.